आमच्या खुराड्याच्या झाकणावरचा हिशेब



उज्जैनच्या मराठी घरांवर लिहायचं म्हटलं की ठरलेल्या गोष्टी पुढे येतात. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात इथे ठाणं मांडलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली, आणि आपली बरीच माणसं मात्र इथेच क्षिप्रेकाठी राहिली. मग कुणाच्या घरी सनद, कुणाच्या घरी तलवार, कुणाच्या घरी पितळी पानडबा. हे सगळं लिहिलं गेलंच पाहिजे. पण हे सगळं ओसरीवरचं. परसातल्या वस्तूंवर कुणी लिहीत नाही. आज मी आमच्या खुराड्यावर लिहिणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

सिंहस्थ २०२८ च्या तयारीत शहरातले जुने रस्ते रुंद होताहेत, हे तुम्ही बघताच आहात. आमच्याही घराचा पुढचा भाग गेला. पुढचं सामान मागे न्यायचं म्हणून परस रिकामं करावं लागलं, तेव्हा जळाऊ लाकडांच्या ढिगाखालून खुराडं निघालं. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, चार पायांवर उभं, एका बाजूला अंडी घालायचा कप्पा आणि त्याला वरून उचलायचं झाकण. पुतण्या म्हणाला, काका, भंगारवाल्याला देऊन टाकू. पुतणी म्हणाली, मला द्या. तिचं सासर बडनगरकडे, शेतावर घर आहे, तिला पाच-सहा कोंबड्या पाळायच्या होत्या. सुताराला बोलावलं. त्याने चारी पायांवर हातोडीने टकटक केलं, एका फळीत खिळा टोचून बघितला आणि म्हणाला, "बाबूजी, लकड़ी अभी ज़िंदा है, बस नीचे का तख्ता गया है." तिथून काम सुरू झालं.

आधी शब्दाबद्दल दोन वाक्यं. घरात आपण खुराडं म्हणायचो, गल्लीत तेच दड़बा. लहानपणी मला ह्या दोन वेगळ्या वस्तू वाटायच्या. कोंबड्या झाकायची मराठी माणसाची आणखी एक वस्तू म्हणजे डालगं, बांबूच्या कामट्यांचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण डालग्यावरूनच आली असणार, कारण खुराड्यात कोंबडं झाकत नाहीत, कोंडतात. डालगं उचलून बैलगाडीला टांगता येतं. सागवानी खुराडं उचलायला दोन माणसं लागतात. साताऱ्याकडून शिंद्यांच्या फौजेमागून आलेल्या आमच्यासारख्या घरांत फिरतीच्या दिवसांत डालगं चालत असेल. ज्याने लाकडी खुराडं करून घेतलं, त्याने आता इथून हलायचं नाही हे मनाशी ठरवलेलं असणार, असं मला वाटतं.

कोंबडी मात्र आपल्या फार आधीपासून इथे आहे. सम्राट अशोक गादीवर येण्याआधी उज्जैनला राजप्रतिनिधी होता, हे आपण उज्जैनकर अभिमानाने सांगतो. त्याच अशोकाचा पाचवा स्तंभलेख राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावरचा. कोणते पशुपक्षी मारू नयेत याची त्यात यादी आहे, आणि पुढे एक आज्ञा आहे की कोंबड्यांना खच्ची करू नये. नर खच्ची केला की तो लवकर पुष्ट होतो. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हा धंदा इतका मुरलेला होता की राजाला त्यावर नियम करावा लागला. उलट मनुस्मृतीने गावातली कोंबडी खाण्यावर बंदी घातली. ह्या दोन्हींचा परिणाम आमच्या गल्लीत मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमच्या मराठ्याच्या घरात कोंबड्या असायच्या, पण खुराडं नेहमी परसाच्या अगदी टोकाला, कारण शेजारी देशस्थांचं घर. कोंबडी भिंतीवरून त्यांच्या तुळशीवृंदावनात उतरली की शेजारच्या काकू आमच्या आजीला हाक मारायच्या, "अहो, तुमच्या पाहुण्या आल्यात हो!" भांडण कधी झालं नाही. हाक मात्र रोजची.

आता दुरुस्ती. ज्यांच्याकडे असं काही जुनं पडलं असेल त्यांच्या उपयोगासाठी क्रमवार सांगतो.

पहिली गोष्ट, कोरडं खरवडू नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात जाणं वाईट, तिच्यातून छातीचे आजार होऊ शकतात. आम्ही तोंडाला चांगला मास्क लावला, पाणी शिंपडून सगळं भिजवलं, मग लोखंडी पट्टीने खरवडलं. बाहेरून हिरव्या रंगाचा एक थर होता. जुन्या तैलरंगात शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा कुठलाही रंग ओला करूनच काढावा आणि ती खरवड कोंबड्यांच्या वाटेत टाकू नये.

दुसरी गोष्ट, खरा शत्रू घाण नाही, फटी आहेत. लाकडी खुराड्याच्या सांध्यांत दोन जीव राहतात. एक लाल किडा, मिरपुडीच्या कणाएवढा, आणि दुसरी कोंबडीची गोचीड. दोघंही दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही आणि माणूस म्हणतो, कोंबड्या उगाचच सुकताहेत. लाल किडा कित्येक महिने उपाशी राहू शकतो, आणि पूर्ण वाढलेली गोचीड तर दोन-दोन वर्षंसुद्धा. खुराडं एक हंगाम रिकामं ठेवलं म्हणजे शुद्ध झालं, हा समज चुकीचा आहे. आम्ही सगळे सांधे उघडले. धुण्याचा सोडा घातलेलं उकळतं पाणी फटीफटीत ओतलं, ब्रशने घासलं आणि तीन दिवस कडक उन्हात वाळवलं. आठवड्याने पुन्हा तेच केलं, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात. मग चुना. कळीचा चुना रात्री विरवून, गाळून, दोन हात. चुन्याने फटी बुजतात आणि उरलेसुरले जीव त्यात अडकून मरतात. आजीच्या काळी दर दिवाळीला घराबरोबर खुराड्यालाही चुना लागायचा, तो हौसेने नव्हे. चुलीची राख परसात एका खड्ड्यात टाकलेली असायची, कोंबड्या तिच्यात लोळायच्या. तेही औषधच.

तिसरी गोष्ट, जुनं उघडताना घाई करू नका, कारण प्रत्येक ठिगळाला वय असतं. आमच्या खुराड्याची मूळ चौकट सागवानी, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकलेली, लोखंडाचा खिळा नाही. मागच्या बाजूला मुंगसाने कधीतरी भोक पाडलेलं, तिथे डालडाच्या डब्याचा पत्रा, ताडाचं झाड अजून ओळखू येतं. डालडा १९३७ साली बाजारात आला, तेव्हा हे ठिगळ त्यानंतरचं. एक फळी गिरणीच्या मालाच्या पेटीची, तिच्यावर अर्धवट पुसलेला शिक्का. उज्जैन त्या काळी गिरण्यांचं गाव, अशा पेट्या स्वस्तात मिळायच्या. दाराला जाळी, षटकोनी भोकांची, दुकानात तिला आता चिकन जाळीच म्हणतात. ही जाळी १८४४ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात चार्ल्स बर्नार्ड यांनी कापड विणायच्या यंत्रावरून कल्पना घेऊन बनवली. कापडाच्या गावात कापडाच्या यंत्राची ही लांबची नात आमच्या परसात येऊन बसली होती.

सुताराने तळाची फळी बदलली, तीसुद्धा पट्ट्यापट्ट्यांची केली म्हणजे घाण खाली पडेल. बसायची दांडी गोल न ठेवता वरून थोडी चपटी केली. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची सोय केली, मुंग्यांसाठी.

राहिलं अंड्यांच्या कप्प्याचं झाकण. त्याच्या आतल्या बाजूला चुन्याचे थर होते. ओलं करून खरवडलं तसा वरचा चुना निघाला, पण काही ठिकाणी निघेना. नीट बघितलं तर लाकडात खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या आणि चुना त्या खाचांमध्ये बसलेला होता. काळ्या पडलेल्या लाकडावर पांढऱ्या रेघा, पाटीवर पेन्सिलीने काढाव्यात तशा. उभ्या रेघा, फुल्या, फुल्यांच्या पुढे ठिपके, मधूनच एखादं वर्तुळ. सुताराला वाटलं पोराटोरांनी खेळताना काढल्या असतील. मी ३७ वर्षं बँकेत काढलेली आहेत. ओळीत, डावीकडून उजवीकडे, एकसारख्या अंतरावर पोरं रेघा काढत नाहीत. हे खातं होतं.

वाचायचं कसं हे सांगणारं माणूस एकच उरलेलं आहे. माझी धाकटी आत्या, वय ८८, आता इंदूरला मुलाकडे असते. फोटो पाठवला, मग फोन केला. तिने फोटो मोठा करून घेतला आणि बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आईचं झाकण. अरे, हे अजून आहे?"

तिने सांगितलं ते असं. उभी रेघ म्हणजे डझनभर अंडी विकली. फुली म्हणजे एक कोंबडी खुडूक बसली आणि तिला रवणीला बसवलं. फुलीपुढचे ठिपके म्हणजे एकवीस दिवसांनी निघालेली पिल्लं. वर्तुळ म्हणजे अंडी दिली पण पैसे घेतले नाहीत, बहुतेक गल्लीतल्या कुणा बाळंतिणीला. आजीला अक्षरओळख नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून तिला हिशेब येत नव्हता असं आम्ही नातवंडं धरून चाललो होतो.

मी रेघा मोजल्या. १४३. म्हणजे १,७१६ अंडी. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. आजीकडे सात-आठ कोंबड्या असायच्या. वर्षाची चारशेच्या आसपास धरली, त्यातली रवणीला गेलेली आणि घरात खाल्लेली वजा केली, तर झाकणावर साधारण पाच वर्षांची विक्री आहे. फुल्या १९, ठिपके १३१. एका रवणीला सरासरी सात पिल्लं. घार, मुंगूस आणि मानमोडी यांच्यातून निभावून हे काही वाईट नाही.

मानमोडी म्हणजे रानीखेत रोग. १९२६ च्या सुमारास तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आणि जावा बेटावर दिसला, लगेच पुढे आपल्याकडे कुमाऊँमधल्या रानीखेतला, म्हणून आपल्याकडे ते नाव पडलं. कोंबडीची मान वळते आणि दोन दिवसांत सगळं खुराडं साफ होतं. झाकणावर एका जागी तीन बोटं रुंद मोकळी जागा आहे, तिथे ना रेघ ना फुली. आत्या म्हणाली, "तेव्हा एकही उरली नव्हती. मग शेजारच्या गावाहून दोन तलंगा आणल्या, त्यातली एक काळी होती, झाबुआकडची." आज त्या काळ्या कोंबडीच्या, कडकनाथच्या, मांसाला झाबुआच्या नावाने २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आता मुख्य गोष्ट. झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात अकरा रेघांभोवती चौकोन काढलेला आहे. दुसरीकडे कुठे असा चौकोन नाही. मी विचारलं, आत्या, हे काय?

ती म्हणाली, "ती माझी मॅट्रिकची फी."

आमच्या घरात मी जन्मापासून एक गोष्ट ऐकत आलो. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत होते, फार पुढारलेले, त्या काळात त्यांनी दोन्ही मुलींना मॅट्रिक केलं. बारशाला, लग्नाला, तेराव्याला ही गोष्ट सांगितली गेली आहे. मीही सांगितली आहे. आत्या पुढे शिक्षिका झाली, तिच्या पगारावर तिच्या घरातली तीन मुलं शिकली, हे सगळं त्या एका फीच्या पुढचं. आत्याने फोनवर सांगितलं, "आप्पा म्हणाले होते, मोठीचं झालं, आता हिला पुढे कशाला. आईने काही वाद घातला नाही. संध्याकाळी मला परसात नेलं, झाकण उघडलं, पेंढ्याखालून पुरचुंडी काढली आणि म्हणाली, उद्या भरून टाक." मी विचारलं, आजोबांना कळलं नाही? ती हसली. "फॉर्मवर सही त्यांचीच आहे की. त्यांनी सही केली, ते खोटं नाही. पैसे कुठून आले ते त्यांनी विचारलं नाही, तेही त्यांचं चांगलंच म्हणायचं."

हे ऐकल्यावर मला माझी नोकरी आठवली. १९८० च्या दशकात मी ग्रामीण शाखांमध्ये होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभरच्या सगळ्या विकास गटांत लागू झालेला. लहान शेतकऱ्याला २५ टक्के, अत्यल्प भूधारक आणि शेतमजुराला ३३⅓ टक्के, आदिवासी कुटुंबाला ५० टक्के अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. म्हशी, शेळ्या, शिवणयंत्र, आणि कुक्कुटपालन. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असायचा. कोंबडीचं सगळं तोंडी. मी पाहणीला जायचो तेव्हा पुढे येऊन बोलणारा नवरा, अर्जावर नाव बहुतेक त्याचंच, आणि कोंबड्या किती, अंडी किती, मेल्या किती हे विचारलं की तो मागे वळून बायकोकडे बघायचा. उत्तर तिच्याकडे असायचं, तेही आकड्यानिशी. बायकांच्या गटांसाठी वेगळी योजना १९८२-८३ साली आली. बचत गटांना बँकेशी जोडायचा नाबार्डचा प्रयोग १९९२ साली, सुरुवातीला ५०० गटांपुरता. बाईच्या हातातला पैसा घरात वेगळ्या ठिकाणी जातो, मुलांच्या पोटात आणि शाळेत जातो, हे आम्हाला प्रशिक्षणात तक्ते दाखवून शिकवलं गेलं. आमच्या परसात त्याच्या ४० वर्षं आधीचा तक्ता पडलेला होता.

आणखी एक फरक बँकवाल्याच्या नजरेने सांगतो. योजनांमधून आणि मोठ्या शेडमधून जी कोंबडी आली ती पांढरी लेगहॉर्नच्या रक्ताची, वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देणारी. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली, आणि अंडं गरिबाच्या ताटात पोचलं. त्याचं मोल कमी नाही. पण ती कोंबडी खुडूक बसत नाही, पिल्लू यंत्रातूनच विकत आणावं लागतं, खाद्य विकत, लस विकत. गावठी कोंबडी अंडी पाचपट कमी देते, पण परसातले किडे आणि उष्टं खाऊन जगते, आणि तिचं भांडवल तीच उबवते. मानमोडीने सगळं साफ झाल्यावर दोन तलंगांवर आजीचा धंदा पुन्हा उभा राहिला, तो कर्ज न काढता. बिनपगारी बाईला परवडणारा धंदा हाच होता.

मग प्रश्न पडला की खुराड्याचं करायचं काय. पुतण्या, तोच भंगारवाला, आता म्हणायला लागला की पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवू, वर काच टाकू. पुतणीला ते वापरायला हवं होतं. वापरायचं तर झाकणासकट सगळ्याला दरवर्षी चुना लागणार, आणि दोन-चार वर्षांत त्या रेघा घासून जाणार. शोभेला ठेवायचं तर हिशेब राहील पण खुराडं संपेल. घरात ह्यावर चांगली दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी आत्यालाच विचारलं, कारण फी तिची होती. ती म्हणाली, "आईने ते कोंबड्यांसाठी केलं होतं, बघायला नव्हतं केलं. कोंबड्या घाला. झाकण तेवढं काढून घ्या."

तसंच केलं. सुताराने त्याच मापाचं नवं झाकण सागाच्या जुन्या फळीतून काढलं, बिजागऱ्या जुन्याच लावल्या. मूळ झाकणाला चुना लावला नाही. कोरडं पुसून, सुती कापडात गुंडाळून, घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवलं आहे, आणि सोबत एका कागदावर रेघ, फुली, ठिपका, वर्तुळ, चौकोन यांचा अर्थ आत्याच्या शब्दांत लिहून, तारीख घालून, तिची सही घेतली आहे. बँकेची सवय.

खुराडं मागच्या पंधरवड्यात बडनगरला गेलं. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पुतणी हिशेब मोबाइलवर ठेवते.

मंडळी, रस्ता रुंदीकरणात, वाटण्यांमध्ये, रंगरंगोटीत आपल्या घरांची परसं रिकामी होताहेत. खुराडं, पाटा, उखळ, दळणाच्या डब्याचं झाकण, दाराची मागची बाजू, हे भंगारात द्यायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून उजेडात धरून बघा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी बाईमाणूस असेल तर आधी तिला दाखवा.